शरणपूरचे विद्यार्थी आणि लिव्हिंगस्टनचं प्रेत: एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, ऐन मधल्या दालनात, आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणाऱ्या स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या कबरीची फरशी आहे. तिच्यावरचा मजकूर सुरू होतो तोच असा: विश्वासू हातांनी जमिनीवरून आणि समुद्रावरून इथवर आणलेला. मग नाव, जन्म, मृत्यू, कोणत्या गावी मेला तेसुद्धा. हात कोणाचे, ते फरशीवर नाही. त्यांतले काही हात नाशिकला, शरणपूरच्या मिशन शाळेत, लिहायला आणि अवजारं धरायला शिकलेले होते. आज शरणपूर रोडवर गाडी लावायला जागा शोधत फिरणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

ही गोष्ट गेली दीडशे वर्षं एकाच चालीवर सांगितली जाते. गोरा साहेब आफ्रिकेच्या आतल्या भागात मेला आणि इमानी काळ्या नोकरांनी त्याचं प्रेत हजार मैलांहून अधिक वाट तुडवत किनाऱ्याला आणलं. इमान होतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण इमान म्हटलं की पुढचं काही विचारायची गरज उरत नाही. कोणी ठरवलं, कसं ठरवलं, आणखी काय करता आलं असतं, धोका कशात होता, खर्च कोणी केला, हिशेब कोणी ठेवला? एखाद्या इंग्रज कप्तानाने हेच केलं असतं तर हे सगळे प्रश्न विचारले गेले असते आणि लष्करी शाळांतून त्यावर धडे झाले असते. म्हणून हे प्रकरण मी निर्णयाचं प्रकरण म्हणून मांडतोय.

माणसं कुठून आली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पूर्व आफ्रिकेतून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे गुलामांनी भरलेली गलबतं जात. ब्रिटिश आरमार त्यांतली काही पकडायचं. सुटलेली माणसं परत गावी कशी पोचवणार? गावं जळालेली, मुलं तर गावाचं नाव सांगण्याच्याही वयाची नसायची. मग त्यांना एडनला किंवा मुंबईला उतरवत. मुंबईत ही मुलं पोलीस आयुक्तांच्या हवाली होत आणि कोणाकोणाच्या घरी, संस्थांत वाटली जात. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचा पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस याने शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी केली होती. १८६० च्या सुमारास तिथेच या मुलांसाठी आफ्रिकन आश्रयशाळा सुरू झाली. लिहिणं, वाचणं, इंग्रजी, बायबल, त्याबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम. बाप्तिस्मा झाला की नाव बदलायचं आणि आडनाव बहुधा एखाद्या पाद्र्याचं मिळायचं. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार ही नावं वाचून कोणाला वाटावं की स्कॉटलंडच्या एखाद्या गावची हजेरी चालली आहे. प्रत्यक्षात ही आफ्रिकी मुलं होती आणि त्यांतली बरीच आज मलावी-मोझांबिकमध्ये मोडणाऱ्या मुलखातल्या याओ लोकांची.

१८६४ मध्ये लिव्हिंगस्टन आपली 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट विकायला स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला घेऊन आला. बरोबर चुमा आणि वेकातानी ही दोन याओ मुलं होती. त्यांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. सुसी आणि अमोडा हे झांबेझीकाठच्या शुपांगाचे दोघे मुंबईच्या गोदीत कामाला लागले. १८६५ मध्ये लिव्हिंगस्टन परत मुंबईत आला, नाशिकला शाळा पाहिली, नऊ विद्यार्थी निवडले आणि १८६६ च्या जानेवारीत मुंबईहून निघाला. त्याच्या रोजनिशीत मोहिमेची यादी आहे: तेरा शिपाई, दहा जोहाना बेटवाले (आफ्रिकेच्या पूर्वेच्या कोमोरो बेटांतलं हे एक), नऊ नाशिकचे, दोन शुपांगाचे, आणि दोन याओ, वेकातानी व चुमा.

यादीतले शिपाई लवकरच माघारी गेले. जोहानावाल्यांचं प्रकरण जरा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. ते पळून झांझिबारला गेले आणि त्यांच्या म्होरक्याने, मूसाने, लिव्हिंगस्टन मारला गेल्याची रसभरीत बातमी दिली. १८६७ मध्ये शोधमोहीम निघाली आणि ते खोटं उघडं पडलं. नाशिकच्या नऊ जणांपैकी रिचर्ड पहिल्याच वर्षी वारला, काही सोडून गेले. जे टिकले त्यांच्याबद्दलही लिव्हिंगस्टनने रोजनिशीत भरपूर कुरकुर केली आहे. १८७२ मध्ये, त्याला शोधत आलेला पत्रकार स्टॅन्ली त्याला भेटून गेल्यावर, झांझिबारहून नव्या माणसांची तुकडी आली. तिच्यात नाशिकचे आणखी सहा जण होते: जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, बेंजामिन आणि रिचर्ड रटन.

चितांबोच्या गावातले पंधरा दिवस

बँगवेउलू सरोवराच्या आग्नेयेला, आजच्या झांबियात, इलाला नावाचा मुलूख. तिथे चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात लिव्हिंगस्टन मेला. शेवटचे दिवस त्याला खाटल्यावर उचलून न्यावं लागत होतं. १ मे १८७३ च्या पहाटे मजवारा नावाच्या पोराने सुसीला उठवलं. आत जाऊन बघतात तो साहेब बिछान्याशी गुडघे टेकलेला, डोकं उशीवर, अंग गार.

पुढचे काही तास महत्त्वाचे. रडारड बाजूला ठेवून त्यांनी आधी सगळ्या माणसांना बोलावलं. सर्वांच्या देखत पेट्या उघडल्या. जेकब वेनराइटने लिव्हिंगस्टनच्याच वहीत एकेक वस्तूची यादी केली. यंत्रं, कागद, कपडे, जे होतं ते. मगच पेट्या बंद झाल्या. आपल्याकडे घरात कोणी गेलं की कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे यावरून भावाभावांत काय होतं ते आठवा, म्हणजे या पंचनाम्याची किंमत कळेल. पुढे आपल्यावर काय आळ येऊ शकतो याचा विचार त्यांनी पहिल्याच सकाळी केला होता.

मग नेता कोण हे ठरलं. बाकीच्यांनी चुमा आणि सुसीला सांगितलं, की तुम्ही प्रवासात आणि हालअपेष्टांत मुरलेले आहात, तुम्ही आमचे म्होरके व्हा, तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकू. दोघांपैकी एकही गोऱ्याने नेमलेला प्रमुख नव्हता. नेमणूक जमलेल्यांनी केली. साधारण साठ-सत्तर माणसांचा तांडा, त्यात बायकाही: स्वयंपाकाची धुरा सांभाळणारी हलीमा, चुमाची बायको न्ताओएका.

त्यांच्यापुढे रस्ते तीन होते. प्रेत तिथेच पुरून, कागदपत्रं घेऊन किनारा गाठायचा. सगळंच टाकून पांगायचं. किंवा प्रेतासकट झांझिबारला जायचं. पहिला रस्ता सोपा आणि रास्तही होता. तिसरा जवळजवळ वेडेपणाचा, कारण वाटेतल्या बहुतेक मुलखांत प्रेत घेऊन जाणं म्हणजे अरिष्ट घेऊन जाणं. दंड, अडवणूक, मारामारी, काहीही होऊ शकत होतं. तरी एकमताने तिसरा ठरला.

का? माया, धर्म, साहेबाच्या मुलखातल्या लोकांनी त्याला शेवटचं पाहावं ही इच्छा, हे सगळं असणार. पण मला इथे मूसा आठवतो. चुमा, सुसी आणि नाशिकच्या पहिल्या नवांतला गार्डनर हे १८६६ पासूनचे जुने लोक. लिव्हिंगस्टन मेल्याची खोटी बातमी देणाऱ्यांचं काय झालं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता तो खरोखर मेला होता आणि बातमी घेऊन जाणारे पुन्हा आफ्रिकी हमालच होते. नुसत्या शब्दावर त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? पगारही झांझिबारच्या ब्रिटिश वकिलातीकडून मिळायचा. प्रेत हा पुरावा होता. हा माझा तर्क आहे, कोणी तसं लिहून ठेवलेलं नाही. पण यादी आणि प्रेत या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की तर्क फार ताणावा लागत नाही.

आधी त्यांनी मृत्यू लपवायचं ठरवलं. चुमा चितांबोकडे गेला आणि गावाबाहेर मुक्काम बांधायची परवानगी घेऊन आला. पण बातमी फुटली. चितांबो स्वतः आला आणि म्हणाला, मला खरं का सांगितलं नाहीत? मीही फिरलेला माणूस आहे, किनाऱ्याला एकापेक्षा जास्त वेळा जाऊन आलोय, तुमच्या मनात काही वाईट नाही हे मला कळतं, प्रवासात माणसं मरतात. त्याने सल्ला दिला की इथेच पुरा, एवढ्या लांब नेणं अशक्य आहे. त्यांनी ऐकलं नाही तेव्हा तो आड आला नाही. उलट रीतसर सुतक पाळलं. बायकांना घेऊन आला, नगारे वाजले, बंदुकांचे बार झाले, पायात बियांचे खुळखुळे बांधलेला रुदनकार नाचत गायला: आज इंग्रज गेला, ज्याचे केस आमच्यासारखे नाहीत. या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुसंस्कृत वागलेला सत्ताधारी कोण, असं मला विचाराल तर मी चितांबोचं नाव घेईन. बाकीचे पुढे येतीलच.

प्रेत टिकवायचं तंत्र त्यांनी हाताशी होतं त्यातून जमवलं. कुडाचं, वरून उघडं असं आवार बांधलं. फरिजाला नावाचा एकजण झांझिबारला डॉक्टरकडे नोकर होता, त्याने शवचिकित्सा पाहिलेली. त्याने आणि नाशिकच्या कॅरसने पोट उघडून आतले अवयव काढले. डाव्या बाजूला तळहाताएवढी रक्ताची गाठ सापडली, ती बाकीच्यांना दाखवली. सफेने नावाच्या माणसाने आधीच्या मुलखात बरंच मीठ विकत घेऊन ठेवलं होतं, ते त्याच्याकडून सोळा सर मण्यांना घेतलं. म्हणजे आपसातही व्यवहार चोख, फुकटचं काही नाही. लिव्हिंगस्टनच्या सामानात थोडी ब्रँडी होती, ती तोंडाला आणि केसांना लावली. मग चौदा दिवस उन्हात वाळवणं, रोज एकदा कूस बदलणं. शेवटी पाय गुडघ्यात मुडपून कापडात गुंडाळलं, झाडाच्या सालीचा पोकळ नळा काढून त्यात ठेवलं, वरून शिडाचं कापड शिवलं आणि दोघांनी खांद्यावर घ्यायच्या दांडीला बांधलं.

हृदय आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून एका झाडाखाली सुमारे चार फूट खोल पुरली. जेकबने इंग्रजीत अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. त्या तारखेत ४ मे आहे. लंडनने पुढे १ मे ग्राह्य धरली. निघताना चितांबोला त्यांनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणि काही इंग्रजी वर्तमानपत्रं दिली. उद्या कोणी गोरा आलाच, तर त्याला दाखवायला पुरावा म्हणून. वणव्यात खूण जळू नये म्हणून झाडाभोवतीचं गवत काढत जा असं सांगितलं आणि शेजारी दोन डांबर फासलेले खांब उभे केले. पुन्हा तेच: पुरावा, साक्ष, नोंद.

वाट

प्रवास सुरू झाला आणि लगेच अर्धा तांडा आजारी पडला. जवळपास महिनाभर एका जागी थांबावं लागलं. दोन बायका दगावल्या. पुढे चावेंदेच्या गावी बाचाबाची होऊन थेट लढाई झाली. तांड्याने गाव ताब्यात घेतलं, माणसं मारली, आजूबाजूच्या वस्त्या जाळल्या. गोड गोष्टींतून हा भाग वगळतात, कारण विश्वासू नोकर गावं जाळत नाहीत. हे हत्यारबंद लोक होते, घाबरलेले होते, आणि त्यांनी केलं ते कुणाचे तरी संसार उद्ध्वस्त करणारं होतं. त्यांचं श्रेय त्यांना द्यायचं तर हेही त्यांच्याच नावावर मांडायला हवं.

ऑक्टोबरमध्ये कानावर आलं, की उन्यान्येम्बेला, म्हणजे आजच्या ताबोराजवळ, इंग्रजांची एक तुकडी आली आहे आणि तिच्यात लिव्हिंगस्टनचा मुलगा आहे. जेकबने पत्र लिहिलं, चुमा ते घेऊन पुढे गेला. पत्र आपल्याला मिळतं, कारण ते ज्याच्या हाती पडलं त्याने ते पुढे छापलं. आशय असा: तुमचे वडील बिसांच्या मुलखापलीकडे आजाराने वारले, पण आम्ही प्रेत बरोबर आणलं आहे. आमचे दहा शिपाई गमावले आणि काही मेले. भुकेमुळे आम्हाला तुमच्याकडे धान्य घेण्यासाठी कापड मागणं भाग आहे. आणि आत शिरताना बंदुकांचे बार काढायचे की नाही ते कळवा, काढायचे असतील तर दारू पाठवा. खाली सही: लेखक जेकब वेनराइट, डॉ. लिव्हिंगस्टन मोहीम.

मला हे पत्र त्या सगळ्या कागदांत सर्वांत आवडतं. इंग्रजी मोडकंतोडकं आहे, पण मुद्दा एकही सुटलेला नाही. बातमी, नुकसान, गरज, आणि मानाचा प्रश्न. उपाशी माणूस बारूद मागतोय तो सलामीसाठी. आणि सही करताना मोहीम संपली असं तो मानत नाही. साहेब गेला, मोहीम चालू आहे.

मुलगा तिथे नव्हताच. होता लेफ्टनंट व्हर्नी लव्हेट कॅमेरॉन, तापाने फणफणलेला आणि डोळ्यांनी जवळजवळ आंधळा. त्याने सुचवलं, प्रेत इथेच पुरा, पुढची वाट धोक्याची आहे. चुमा-सुसीने नकार दिला. एका ब्रिटिश अधिकाऱ्याचा सल्ला, तोही त्याच्या पदरचं कापड हवं असताना. कॅमेरॉनने मग लिव्हिंगस्टनची काही यंत्रं पेट्यांतून काढून स्वतःच्या मोहिमेसाठी घेतली. इतके महिने यादीबरहुकूम सांभाळलेल्या पेट्या उघडल्या त्या एका गोऱ्या माणसानेच. तांड्याला ते आवडलं नाही, यात नवल काय?

कासेकेराची युक्ती

कॅमेरॉनच्या तुकडीतले डॉ. डिलन आणि मर्फी परतीला त्यांच्याबरोबर निघाले. नोव्हेंबरमध्ये कासेकेराला तापाच्या भ्रमात डिलनने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच सुमारास तिथल्या लोकांना कळलं की ओझ्यात प्रेत आहे, आणि त्यांनी वाट अडवली.

तेव्हा तांड्याने जाहीर केलं की ठीक आहे, आम्ही प्रेत परत उन्यान्येम्बेला नेऊन पुरतो. रात्री सालीच्या नळ्यातून खरं प्रेत बाहेर काढलं, ते कापडाच्या गाठोड्यासारखं, इतर मालाच्या गठ्ठ्यांत बेमालूम मिसळेल असं बांधलं. मग ज्वारीच्या ताटांचा जुडगा घेऊन माणसाच्या आकाराचं बोचकं तयार केलं, त्याला कापड गुंडाळलं, दांडीला टांगलं आणि सहा जण ते घेऊन अंत्ययात्रेच्या गांभीर्याने उलट दिशेला चालू लागले. गाव दिसेनासं झाल्यावर त्यांनी ताटं रानात विखरून टाकली, वाट सोडून झाडीतून वळसा घेतला आणि मागाहून तांड्याला येऊन मिळाले. कासेकेराच्या लोकांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. खरा मुडदा त्यांच्या डोळ्यांदेखत व्यापारी मालात किनाऱ्याकडे गेला.

१८७४ च्या फेब्रुवारीत ते झांझिबारसमोर बागामोयोला पोचले. तिथला हंगामी ब्रिटिश वकील, म्हणजे कॉन्सल, कॅप्टन प्रिडो याने प्रेत ताब्यात घेतलं, माणसांचे पगार चुकते केले आणि मोहीम संपली. नऊ महिन्यांचं काम, आणि निरोप हिशेबाच्या टेबलावर.

लंडनमध्ये कोणाला जागा मिळाली

प्रेताबरोबर इंग्लंडला फक्त जेकब वेनराइट गेला, कारण त्याच्या भाड्याची सोय चर्च मिशनरी सोसायटीने केली. एप्रिलमध्ये बोट साउदॅम्प्टनला लागली. सर विल्यम फर्ग्युसन या शल्यविशारदाने डाव्या दंडाचं हाड पाहून ओळख पटवली. तीस वर्षांपूर्वी सिंहाने चावलेलं ते हाड वेडंवाकडं जुळलेलं होतं. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्ली, कर्क, वॉलर यांच्यासोबत जेकब होता, आठांत एकटा आफ्रिकी. चुमा आणि सुसीला नंतर लिव्हिंगस्टनचा मित्र जेम्स यंग याने स्वखर्चाने बोलावलं. पोचले तेव्हा दफन उरकलं होतं.

आता श्रेयाची गंमत पाहा. होरेस वॉलर लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या रोजनिश्या संपादित करत होता. मृत्यू आणि परतीचं प्रकरण त्याने मुख्यतः चुमा-सुसीच्या तोंडी हकिकतीवरून रचलं. वर चितांबोचे शब्द, मीठ, ताटांचं बोचकं हे जे सांगितलं, ते बहुतेक त्यातूनच आपल्यापर्यंत येतं. म्हणजे त्या दोघांचे उपकार आहेतच. पण दोघं बोलले ते इंग्रज पाद्र्याशी, आणि शब्द, क्रम, भर कशावर द्यायची, हे सगळं त्याच्या लेखणीतून उतरलं. जेकबने मात्र स्वतःच्या हाताने दैनंदिनी लिहिली होती. त्या प्रवासाची प्रत्यक्ष भाग घेतलेल्या आफ्रिकी माणसाने लिहिलेली नोंद. ती १८७४ मध्ये छापली गेली, पण जर्मन भाषांतरात, जर्मनीतल्या भूगोलाच्या एका नियतकालिकात. मूळ हस्तलिखित स्कॉटलंडमध्ये ब्लँटायरला, लिव्हिंगस्टनच्याच स्मारक संग्रहात पडून राहिलं. ते सर्वांना पाहता येईल असं डिजिटल रूपात यायला २०१९ उजाडलं. ज्याने लिहिलं त्याचं कमी वाचलं गेलं आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं दुसऱ्याने लिहिलं, असा हा हिशेब आहे.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ चांदीची पदकं पाडली, वर कोरलं 'शेवटपर्यंत इमानी'. पदकं तयार झाली तोवर माणसं पांगली होती, बहुतेकांच्या हाती ती पडलीच नाहीत. चांगला हेतू आणि चुकीचा पत्ता. जेकबबद्दल इंग्लंडात हळूहळू कुरबुर सुरू झाली की हा शेफारला आहे. मिशनसाठी निधी गोळा करायला त्याला सभांतून फिरवलं, व्यासपीठावर उभं केलं, आणि मग तो व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या माणसासारखा वागतो अशी तक्रार. नोकर म्हणून तो चालत होता. लेखक म्हणून सही करणारा माणूस पचला नाही, असं मला वाटतं.

पुढे

चुमाने नंतर मिशनचे तांडे नेले. १८७९ मध्ये रॉयल जिऑग्राफिकलच्याच मोहिमेचा प्रमुख वाटेत वारला, तेव्हा तरुण जोसेफ थॉमसनला सांभाळून मोहीम पार पाडली ती चुमाने. १८८२ मध्ये तो झांझिबारला वारला. सुसी स्टॅन्लीबरोबर काँगोत जाऊन आला आणि १८९१ मध्ये गेला. जेकब १८७४ मध्येच प्राइसबरोबर आफ्रिकेत परतला. पुढे मिशनची नोकरी सुटली, आणि १८९२ मध्ये तो उरांबोला, आजच्या टांझानियात, वारला.

नाशिकच्या इतर विद्यार्थ्यांचं काय झालं, हे खरं तर स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या वाटाघाटींनंतर १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद केला. सुटलेल्या माणसांसाठी मोंबासा बेटासमोर किसाउनीला वसाहत उभी करायचं ठरलं. ती उभारायला पाठवला तोच शरणपूरचा प्राइस, आणि त्याच्या हाताखाली नाशिकहून गेलेले शे-दीडशे आफ्रिकी. शरणपूरची आश्रयशाळा बंद झाली, तिकडे फ्रिअरटाउन उभं राहिलं. केनियाच्या किनाऱ्यावर या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. घरं बांधणारे, लोहार, शिक्षक, दुभाषे तेच होते. वसाहतीचा गोरा व्यवस्थापक स्ट्रीटर रहिवाशांना फटके मारायचा. बोभाटा झाला तेव्हा निस्तरायला पुन्हा प्राइसला यावं लागलं.

त्यांच्यातला विल्यम जोन्स तर कोणाही मोहिमेच्या नेत्याच्या तोडीचा. नाशिकला लोहारकाम शिकलेला हा याओ माणूस १८६४ मध्येच मोंबासाजवळच्या रबाईला, मिशनच्या ठाण्यावर, गेला होता. १८८५ मध्ये त्याला चर्चची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी तो बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. बिशप निवडक माणसं घेऊन पुढे गेला आणि मारला गेला. मागे थांबलेला मोठा तांडा सावरून परत आणला तो जोन्सने. १८८६ च्या फेब्रुवारीत रबाईत शिरताना तांड्यापुढे निळं निशाण होतं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'इखाबोद'. बायबल वाचणाऱ्याला अर्थ लगेच कळतो: वैभव गेलं. रबाईत मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा देणाऱ्यांतही जोन्स पुढे होता. मालकांनी फौजा आणायची धमकी दिली, शेवटी इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीला भरपाई मोजून १,४०० हून अधिक माणसांना मोकळीक द्यावी लागली. प्रेत वाहून नेण्यापेक्षा हे काम मोठं, पण कोणत्याही ॲबीत त्याचा उल्लेख नाही.

या सगळ्यांत मागे उरला मॅथ्यू वेलिंग्टन. बालपणी पळवून नेलेला याओ मुलगा, मग गलबत, मुंबई, नाशिक, चितांबोचं गाव, बागामोयो. मोंबासात त्याने सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली. १९३० च्या सुमारास त्याच्या तोंडून ऐकलेल्या आठवणींची एक छोटी पुस्तिका लंडनला निघाली. तिच्या नावातच त्याला लिव्हिंगस्टनशी उरलेला एकमेव दुवा ठरवलं आहे. लिव्हिंगस्टनजवळ तो वर्षभरही नव्हता. त्यानंतरची साठ वर्षं तो मोंबासात राबला, म्हातारा झाला आणि १९३५ मध्ये तिथेच वारला. लंडनला २००७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 'बॉम्बे आफ्रिकन' लोकांवर प्रदर्शन भरवलं. मोंबासात फ्रिअरटाउनच्या घंटेवरून तो भाग आजही केंगेलेनी म्हणून ओळखला जातो (स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा), घंटा रस्त्याच्या कडेला उभी आहे. जेकब, मॅथ्यू, कॅरस आणि विल्यम जोन्स ही नावं शरणपूर रोडवर लावायला महानगरपालिकेचा एखादा फलक पुरेल.